जुन्या स्कॉटिश जनगणनेतलं गाव नकाशावर कसं शोधायचं?

कर्कमायकल नावाचं पॅरिश, म्हणजे एका चर्चच्या हद्दीतला गावांचा पट्टा, स्कॉटलंडमध्ये कुठे आहे? एअरशायरमध्ये आहे. पर्थशायरमध्येही आहे. बॅन्फशायरमध्ये आहे आणि डम्फ्रीसशायरमध्येसुद्धा. नवखा शोधक नकाशात नाव टाकतो, पहिलं दिसेल ते कर्कमायकल धरतो आणि पुढचे सहा महिने भलत्याच खोऱ्यात भलत्याच माणसांचे पूर्वज गोळा करत बसतो. आपल्याकडे कुणी नुसतं ‘आम्ही वडगावचे’ म्हणालं, तर आपण लगेच ‘कुठलं वडगाव?’ असं विचारतो. स्कॉटलंडच्या कागदांपुढे मात्र हा साधा प्रश्न सुचत नाही. इंग्रजीत छापलेलं नाव एकमेव असणार, असं उगीचच वाटतं.

हा लेख अगदी पहिल्यांदा या कागदांकडे वळणाऱ्यांसाठी आहे. कुणाचं लग्न स्कॉटिश घरात झालेलं असतं आणि मुलांसाठी दोन्हीकडची वंशावळ मांडायची असते. कुणी मुंबई इलाख्यात आलेल्या स्कॉटिश मिशनऱ्यांचा, डॉक्टरांचा किंवा शिपायांचा माग काढत असतं. विल्सन कॉलेजला ज्यांचं नाव आहे ते जॉन विल्सन १८२९ मध्ये मुंबईत आले, पण त्यांचा जन्म १८०४ चा, बेरिकशायरमधल्या लॉडर गावचा. यातही एक मेख आहे: बेरिक हे शहर १४८२ पासून इंग्लंडकडे आहे आणि त्याच्या नावाची काउंटी (आपल्या जिल्ह्यासारखा विभाग) मात्र स्कॉटलंडमध्ये. काउंटीच्या नावावरून शहर गृहीत धरू नका, हा पहिला धडा इथेच मिळतो.

आधी कागद ओळखा

स्कॉटलंडची नावनिशीवार जनगणना १८४१ पासून दर दहा वर्षांनी मिळते. पहिली ६ जून १८४१ च्या रात्रीची. १८५१ ची ३० मार्चची, १८६१ ची ७ एप्रिलची, १८८१ ची ३ एप्रिलची. नोंदी शंभर वर्षं बंद ठेवतात, म्हणून सध्या उघडी असलेली शेवटची जनगणना १९ जून १९२१ ची आहे. मूळ पानांच्या प्रतिमा ‘स्कॉटलंड्स पीपल’ या सरकारी संकेतस्थळावर आहेत. खातं उघडायला आणि सूचीत शोधायला पैसे पडत नाहीत, पान उघडायला क्रेडिट विकत घ्यावे लागतात. ‘फ्रीसेन’ आणि ‘फॅमिलीसर्च’वर काही वर्षांची उतरवलेली माहिती फुकट मिळते. सुरुवात तिथून करायला हरकत नाही, पण स्थळनाव शोधायचं असेल तर मूळ पान पाहिल्याशिवाय गत्यंतर नाही. त्याचं कारण पुढे येतं.

आपण पाहतो ती प्रगणकाची वही असते. प्रत्येक घरात वाटलेला कागद गोळा करून प्रगणकाने तो आपल्या वहीत उतरवला. म्हणजे घरच्या कर्त्याने एक सांगितलं, कुणी तरी ते लिहिलं, प्रगणकाने ते नकललं आणि शे-दीडशे वर्षांनी सूची करणाऱ्याने ते वाचलं. तेव्हा नाव चार हातांतून आलेलं आहे हे धरूनच चाला.

१८४१ ची वही सगळ्यात कंजूष. जन्मस्थानाच्या रकान्यात एवढंच असतं की माणूस याच काउंटीत जन्मला की नाही. नसेल आणि इंग्लंड, आयर्लंड किंवा परदेशातला असेल, तर एखादं अक्षर. पंधरा वर्षांवरच्या माणसांची वयं साधारणपणे पाचाच्या पटीत खाली उतरवलेली. जन्माचं पॅरिश १८५१ पासून पुढे मिळतं. आणखी एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो, म्हणजे उगीच डोकं फोडणार नाही: फाइफमधल्या काही पॅरिशच्या १८४१ च्या वह्या आज नाहीतच. त्यांत कूपर, कर्कॉल्डी, ऑक्टरमक्टी ही नावं आहेत.

पानाचा माथा वाचा

सगळे जण माणसाच्या नावावर झडप घालतात. तुम्ही आधी पानाचा वरचा भाग वाचा. १८६१ पासूनच्या पानांवर तिथे चौकटी असतात: कुठलं पॅरिश, कुठलं ‘क्वोअड साक्रा’ पॅरिश, कुठला बरो (सनद मिळालेलं शहर), कुठलं शहर, कुठलं खेडं. क्वोअड साक्रा म्हणजे फक्त चर्चच्या कामापुरतं पाडलेलं पॅरिश. मुलकी पॅरिशशी त्याच्या हद्दी जुळतीलच असं नाही. नकाशा शोधताना मुलकी पॅरिश धरा.

मग क्रमांक पाहा. स्कॉटलंडच्या नोंदणी जिल्ह्यांना उत्तरेकडून दक्षिणेकडे आकडे दिले आहेत. शेटलंडपासून एकने सुरुवात होते आणि गॅलोवेपर्यंत येता येता आकडा नऊशेच्या आसपास जातो. ग्लासगोचा ६४४, एडिनबरोचा ६८५. हा आकडा फार कामाचा, कारण नाव चार ठिकाणी असलं तरी आकडा एकाच ठिकाणचा असतो. चार कर्कमायकलांचा गुंता या आकड्याने एका क्षणात सुटतो. टिपण काढताना गावाच्या नावाआधी हा आकडा लिहायची सवय लावून घ्या.

आता वहीच्या सुरुवातीच्या पानांकडे जा. तिथे प्रगणकाच्या हद्दीचं वर्णन असतं: अमुक ओढ्यापासून तमुक रस्त्यापर्यंत, मधली ही ही शेतं. हे पान बहुतेक जण उघडतच नाहीत. त्याचा अनुक्रम तुमच्या पानाच्या बराच आधी असतो आणि त्यासाठी वेगळे पैसेही पडू शकतात. खर्च करा. पुढचं अर्धं काम ते पान करतं.

नाव नव्हे, वाट शोधा

मला या सगळ्यात एकच गोष्ट खरी महत्त्वाची वाटते. जनगणनेतलं ठिकाण नाव शोधून सापडत नाही, ते प्रगणकाच्या मागोमाग चालून सापडतं. प्रगणक बहुधा त्याच भागातला असे, पुष्कळदा गावचा शाळामास्तर. तो पायी फिरे आणि ज्या ओळीने घरं लागतील त्या ओळीने लिही. त्यामुळे वहीतली पानं म्हणजे एका माणसाची वाट आहे.

समजा तुमच्या कुटुंबाच्या नावाशेजारी लिहिलेलं घराचं नाव वाचताच येत नाही. सोडून द्या. दोन पानं मागे आणि दोन पानं पुढे जा, आणि नीट वाचता येणारी नावं क्रमाने कागदावर उतरवा. शेत, गिरणी, पाद्र्याचं घर, शाळा, टोल नाका, जे असेल ते. मग नॅशनल लायब्ररी ऑफ स्कॉटलंडच्या नकाशांच्या संकेतस्थळावर ऑर्डनन्स सर्व्हे या सरकारी नकाशाखात्याचा मैलाला सहा इंच या प्रमाणाचा पहिला नकाशा उघडा. हे नकाशे १८४३ ते १८८२ या काळातले, पूर्ण देशाचे आणि फुकट पाहता येतात. एकेक शेत, एकेक झोपडं, विहिरीसुद्धा त्यांवर नावानिशी आहेत. शिवाय जुना नकाशा आणि आजचं उपग्रह चित्र शेजारी शेजारी लावून पाहण्याची सोय आहे. तुम्ही उतरवलेली नावं त्या नकाशावर टिंबांनी मांडत जा. तीन-चार टिंबं झाली की वाट दिसायला लागते, आणि न वाचता येणारं घर कुठल्या दोन टिंबांच्या मध्ये असणार हेही. मग नकाशावरचं नाव बघून वहीतलं अक्षर पुन्हा वाचा. मघाशी नुसत्या रेघोट्या दिसत होत्या, तिथे आता चक्क नाव दिसतं.

१८४१ च्या वहीत ‘स्थळ’ हा रकाना अगदी डावीकडे असतो आणि खाली नुसतं ‘डो’ ‘डो’ लिहिलेलं असतं, म्हणजे वरीलप्रमाणे. मूळ नाव कधी कधी मागच्या पानावर राहून जातं. मागचं पान पाहा. नावांच्या कडेला छोट्या तिरप्या रेघा असतात. एक रेघ म्हणजे कुटुंब संपलं, दोन रेघा म्हणजे घर संपलं. एकाच नावाखाली पाच कुटुंबं आली तर घाबरू नका. शेताच्या नावात शेतमालकाचं घर, गड्यांची घरं, मेंढपाळाचं खोपट हे सगळं येतं. आपल्याकडे पाटलाच्या वाड्याभोवतीची वस्ती पाटलाच्याच नावाने ओळखली जाते, तसंच.

घराघरांतला फरक ओळखायला १८६१ पासून एक गमतीदार रकाना मदतीला येतो: खिडकी असलेल्या खोल्या किती? खिडकी असलेल्या बारा खोल्यांचं घर जमीनदाराचं किंवा मोठ्या शेतकऱ्याचं, एक खोलीचं घर गड्याचं. नकाशावर एकाच नावाशी दोन इमारती असतील, तर कुठली तुमची हे यावरून बऱ्यापैकी ठरतं. १८५१ पासून शेतकऱ्यापुढे किती एकर आणि किती माणसं कामाला, हेही पुष्कळदा लिहिलेलं असतं.

नावांचं व्याकरण शिका

कॉटन या नावाच्या वस्तीचा कापसाशी काडीचा संबंध नाही. कॉट म्हणजे शेतमजुराचं खोपटं, टाउन म्हणजे वस्ती, दोन्ही मिळून कॉटन. तसंच कर्कटन म्हणजे देवळाजवळची वस्ती, मिल्टन म्हणजे गिरणीजवळची, सीटन म्हणजे समुद्रकाठची. ही नावं शेकड्याने सापडतात आणि ‘ऑफ’ लावून पुढे जागिरीचं नाव आल्याशिवाय ती निरुपयोगी असतात. मेन्स ऑफ अमुक म्हणजे त्या जागिरीची मालकाने स्वतःकडे ठेवलेली शेती. तेव्हा नुसतं ‘मेन्स’ लिहिलेलं दिसलं, तर जवळपासची जागीर कुठली ते आधी शोधा.

बुद्रुक आणि खुर्द ज्याला कळतं त्याला मीकल आणि लिटल कळायला वेळ लागत नाही. मीकल म्हणजे मोठं. ईस्टर आणि वेस्टर म्हणजे पूर्वेकडचं आणि पश्चिमेकडचं, नेदर म्हणजे खालचं, ओव्हर म्हणजे वरचं. प्रगणक हे शेपूट कधी कधी गाळतो. गाळलं असेल तर वाटेवरून ठरवा.

डोंगराळ भागात गेलिक या तिथल्या जुन्या भाषेतली नावं येतात. बॅल म्हणजे गाव, मूळ शब्द बाले. ऑख किंवा ॲख म्हणजे शेत. किल म्हणजे जुनं चर्च, ड्रम म्हणजे डोंगराची सोंड, नॉक म्हणजे टेकडी, इन्व्हर आणि ॲबर म्हणजे नदीचं मुख किंवा संगम. गेलिकमध्ये बी-एच आणि एम-एच या जोड्यांचा उच्चार पुष्कळदा ‘व’ होतो, आणि इंग्रजी कानाचा प्रगणक तो ‘व’च लिहितो. त्यामुळे नकाशावर ‘बाले अ व्हुलिन’चं गेलिक स्पेलिंग असेल आणि वहीत बॅलव्हूलिन असेल, तरी जागा एकच: गिरणीचं गाव. मोठ्याने म्हणून पाहा. हा उपाय बालिश वाटतो, पण तोच चालतो.

स्कॉट्स भाषेतली अडचण आणखी वेगळी. मिल्नगेव्ही असं लिहितात आणि म्हणतात मल्गाय. स्ट्रॅथअेव्हनला म्हणतात स्ट्रेवन. कुल्झियन असं दिसतं, म्हणायचं कलेन. त्यातला झेड हे मुळात एका जुन्या अक्षराचं भूत आहे. ॲबर्डीनच्या बंदराजवळच्या फुटडी या कोळीवस्तीला सगळे फिटी म्हणतात. जुन्या स्कॉट्समध्ये ‘व्ह’साठी क्यू-यू-एच ही तीन अक्षरं लिहीत. एअरशायरमधल्या डॅलमेलिंग्टनच्या डोंगरावर बेनव्हॉट नावाची खाणकामगारांची वस्ती होती. तिचं नाव कागदोपत्री क्यू-यू-एच घालूनही येतं आणि सरळ डब्ल्यू-एच घालूनही. संगणकावर एकाच स्पेलिंगने शोधलंत तर अर्ध्या नोंदी हुकतात.

नकाशावर नावच नसेल तेव्हा

इथे थोडं थांबू, कारण बहुतेकांचा धीर इथे सुटतो.

पहिलं कारण: गाव उठवलं गेलं. डोंगरी भागात जमीनदारांनी मेंढ्यांसाठी कुळं हाकलली, त्याला ‘क्लिअरन्सेस’ म्हणतात. स्काय बेटावर स्ट्रॅथ पॅरिशमधली बोरेरेग आणि सुइश्निश ही दोन गावं १८५३ च्या सुमारास उठवली. म्हणजे १८५१ च्या वहीत माणसं आहेत, पुढच्या वहीत तुम्हाला पानं उलटून काही हाती लागणार नाही, आणि त्या बेटाचा सहा इंची नकाशा त्यानंतरचा. अशा वेळी नकाशावर नावाच्या शेजारी काळ्या भरीव चौकटींऐवजी नुसत्या रेषांच्या पोकळ चौकटी शोधा. छप्पर नसलेलं घर असं दाखवलेलं असतं. उपग्रह चित्रातही त्या भिंतींचे चौकोन गवतात उमटलेले दिसतात. माणसं कुठे गेली हे पाहायचं तर पुढच्या जनगणनेत किनाऱ्यावरच्या वस्त्या आणि ग्लासगो, दोन्ही तपासा.

दुसरं कारण: खाण बंद पडली. लोखंडाच्या किंवा कोळशाच्या कंपनीने डोंगरावर चाळीच्या ओळी बांधल्या, त्यांना ‘रो’ म्हणत, आणि काम संपलं तसं गाव उठलं. बेनव्हॉटजवळचंच लीथनहिल १९५४ मध्ये पुरतं रिकामं झालं. तिथे एका दगडावर रंगवलेलं आहे की ‘हिल’ चिरायू होवो, १८५१ ते १९५४. गाववाले आपल्या गावाला नुसतं ‘हिल’ म्हणत. घरातल्या आठवणींत, पत्रांत हेच नाव येतं आणि जनगणनेत ते मिळत नाही. घरातल्या जुन्या माणसाने सांगितलेलं नाव आणि कागदावरचं नाव वेगळं असू शकतं, याची इतकी चांगली खूण दुसरी नाही.

तिसरं कारण: नाव जागेचं नव्हतं, घराचं होतं. शहरांत ‘लँड’ म्हणजे जमीन नव्हे, बहुमजली चाळ. ‘क्लोज’ आणि ‘वाइंड’ म्हणजे बोळ. ग्लासगोत आणि एडिनबरोत १८६० च्या दशकात जुने बोळ पाडायचे कायदे झाले, त्यामुळे १८४१ चा पत्ता आज नसायचीच शक्यता जास्त. वर एकाच नावाचे दोन-तीन रस्ते असत. ग्लासगोने १९१२ मध्ये गोव्हन आणि पार्टिक पोटात घेतले, एडिनबरोने १९२० मध्ये लीथ. मग सारख्या नावांचा घोळ निस्तरायला रस्त्यांची नावं बदलली. यासाठी त्या त्या वर्षाची पोस्ट ऑफिस डिरेक्टरी (रहिवाशांची आणि पत्त्यांची छापील यादी) आणि शहराचा मोठ्या प्रमाणाचा नकाशा हे दोन्ही शेजारी ठेवून पाहा. दोन्ही नॅशनल लायब्ररी ऑफ स्कॉटलंडच्याच संकेतस्थळावर आहेत.

चौथं कारण अगदी साधं: तुम्ही चुकीची काउंटी पाहताय. १८९१ च्या सुमारास काउंटी आणि पॅरिश यांच्या हद्दी मोठ्या प्रमाणावर सरळ केल्या गेल्या. त्याआधी काउंट्यांचे तुटक तुकडे दुसऱ्यांच्या पोटात पडलेले होते. फोर्थ खाडीच्या काठचं कुलरॉस तोवर पर्थशायरमध्ये होतं, नंतर फाइफमध्ये आलं. नेर्नशायरचा फेरिंटोश नावाचा तुकडा रॉसशायरच्या मध्ये होता. क्रोमार्टीशायर तर सगळं तुकड्या-तुकड्यांचंच, ठिगळांच्या गोधडीसारखं. शिवाय नावंही बदलली: फोर्फरशायर म्हणजे अँगस, हॅडिंग्टनशायर म्हणजे ईस्ट लोथियन, लिनलिथगोशायर म्हणजे वेस्ट लोथियन, एल्गिनशायर म्हणजे मोरे, झेटलंड म्हणजे शेटलंड. १९७५ मध्ये या जुन्या काउंट्या कारभारातून गेल्याच, म्हणून आजच्या नकाशावरच्या सीमांवर विसंबू नका.

साक्षीदार गोळा करा

एक नकाशा आणि एक वही जुळली की लगेच आनंदू नका. आणखी दोन कागद पाहा.

ऑर्डनन्स सर्व्हेच्या नाववह्या हा माझा सगळ्यात आवडता कागद. नकाशा काढताना सर्वेक्षकांनी प्रत्येक नावासाठी लिहून ठेवलं: नाव कसं लिहायचं, आणखी कुणी कसं लिहितं, हे कुणी सांगितलं, जागा कुठे, आणि आहे काय. सांगणाऱ्यांत जमीनदार, पाद्री, मास्तर, कूळ असे तीन-चार जण असतात. म्हणजे एका खोपटाच्या स्पेलिंगसाठी तीन माणसांची जबानी! वहीतलं विचित्र स्पेलिंग बहुतेक वेळा इथल्या दुसऱ्या रकान्यात भेटतं.

दुसरा कागद व्हॅल्युएशन रोल, म्हणजे करआकारणीसाठी केलेली मालमत्तांची यादी, १८५५ पासून दरवर्षीचा. त्यात प्रत्येक मालमत्तेचं नाव, मालक, कूळ आणि राहणारा. जनगणना दहा वर्षांनी येते, हा दरवर्षी. मधल्या काळात कुटुंब हललं की तिथेच होतं, हे यातून कळतं. १८४१ च्याही मागे जायचं असेल तर १८३२ चा जॉन थॉमसनचा काउंटीवार नकाशासंग्रह पाहा. फ्रान्सिस ग्रूमचं १८८० च्या दशकातलं गॅझेटिअर तर सारख्या नावांची गावं एकाखाली एक देतं, म्हणून पहिल्याच दिवशी हाताशी घ्या.

जन्मस्थानाचा रकाना मात्र एकट्या जनगणनेवर विश्वास ठेवून घेऊ नका. एकच बाई १८५१ मध्ये एक पॅरिश सांगते, १८६१ मध्ये शेजारचं, १८७१ मध्ये जवळचं मोठं शहर. तिन्ही उतरवा. तिन्ही मिळून जो कोपरा होतो, त्यात शोधा. आणि तीच माणसं पुढे लंडनला गेली असतील, तर तिथल्या वहीत बहुधा नुसतं ‘स्कॉटलंड’ मिळेल, कारण इंग्लंडमध्ये स्कॉटिश माणसाला पॅरिश सांगायची सक्ती नव्हती. तिथून उलट शोध घेऊ नका, वेळ जातो.

टिपण ठेवताना वहीतलं स्पेलिंग जसंच्या तसं, नकाशावरचं स्पेलिंग वेगळं, तेव्हाचं पॅरिश आणि काउंटी, आजची हद्द, आणि तुम्ही कुठल्या शेजारघरांवरून ओळखलंत ती नावं, असं सगळं एकाच ओळीत लिहा. सहा महिन्यांनी आपण हे का ठरवलं होतं, ते आपल्यालाच आठवत नाही.

लष्करात किंवा मिशनमध्ये इकडे राहून परतलेल्या कुटुंबांत एखाद्या मुलाच्या जन्मस्थानापुढे ‘ईस्ट इंडीज’ लिहिलेलं दिसेल आणि पुढे एक अगम्य शब्द. किरकी, टॅना, मालिगॉम, डापूली. ‘कर्क’ म्हणजे स्कॉट्समध्ये चर्च, त्यामुळे के-आय-आर-केने सुरू होणारं नाव पाहून सूची करणारा एखादं स्कॉटिश पॅरिश धुंडाळत बसायचा. तुम्हाला खडकी, ठाणे, मालेगाव आणि दापोली ओळखायला नकाशा उघडावा लागणार नाही.